कपाशीची वरची पाने अचानक भेंडीच्या पानांसारखी झाली. बियाणे बोगस असेल का?

बियाण्यावर एवढ्यात दोष टाकू नका. तुम्ही लिहिलंय की जालन्याजवळच्या तुमच्या वावरात फक्त शेंड्याकडची पानं बोटांसारखी चिरली, खालची रुंदच आहेत आणि शेजारच्या उसाच्या धुऱ्यालगत प्रमाण जास्त आहे. बियाण्याचा गुण असता तर तो वावरभर सारखा दिसला असता. माझा संशय उसावर मारलेल्या 2,4-डी तणनाशकावर आहे. त्याचे तुषार वाऱ्याने आले असतील, किंवा तोच पंप नीट न धुता कपाशीवर वापरला गेला असेल. कपाशीला अगदी थोडं 2,4-डीही बाधतं. ऊस, ज्वारी ही गवतवर्गीय पिकं ते सहन करतात.

2,4-डी ही ऑक्झिन या वनस्पती-संप्रेरकाची, म्हणजे झाडाच्या वाढीला दिशा देणाऱ्या रसायनाची, कृत्रिम नक्कल आहे. पेशीतलं टीआयआर-1 हे प्रथिन ऑक्झिन ओळखतं, हे 2005 मध्ये सिद्ध झालं. एरवी ऑक्स/आयएए नावाची प्रथिनं जनुकं चालू करणाऱ्या एआरएफ प्रथिनांना दाबून ठेवतात. ऑक्झिन आलं की ऑक्स/आयएए नष्ट होतात, एआरएफ मोकळी होतात आणि वाढीची जनुकं कामाला लागतात. त्यातलंच एक अरगॉस. मोहरीच्या कुळातल्या अरबिडॉप्सिस या छोट्या रोपात ते जास्त चालवलं तर पानं मोठी होतात, कमी केलं तर लहान राहतात, कारण पेशींचं विभाजन किती दिवस चालायचं यावर त्याचा प्रभाव असतो.

मग ऑक्झिनसारखं औषध पडूनही पान मोठं का झालं नाही? पानाला आकार येतो तो ऑक्झिन कुठे जास्त, कुठे कमी या फरकातून. स्वतःचं ऑक्झिन झाड वेळच्या वेळी मोडतं. 2,4-डी मात्र टिकून राहतं, कोवळ्या शेंड्यात पोचतं आणि हा फरकच बिघडवतं. शिरांमधला भाग वाढत नाही, शिरा एकमेकींजवळ येतात, पान अरुंद पट्टीसारखं होतं. खालच्या पानांची घडण आधीच झालेली असते, म्हणून ती जशीच्या तशी दिसतात.

हा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशकावर पैसा घालवू नका. ते वाचलेले पैसे तुम्हाला पुढे लागतील. पीक उपटायची घाईही नको. मात्रा कमी गेली असेल तर काही आठवड्यांत नवी पानं नीट येऊ लागतात. विकृत शेंडे खुडून फुटवे येऊ द्यायचा सल्लाही दिला जातो. नवी पानं कशी येतात ते बघा आणि फोटो टाका. तणनाशकाचा पंप मात्र आजपासून वेगळा ठेवा, आणि शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून घ्या, पुढची फवारणी वारा पडल्यावर करा म्हणून.