मेकॅनिकल इंजिनिअर आहे, ६ वर्षं नोकरी झाली. आता यूएक्स डिझाइनमध्ये जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वय २९, प्रॉडक्शनमध्ये ६ वर्षं गेली, चित्रकला यथातथाच. तर नोकरी सोडून यूएक्स (म्हणजे यंत्र किंवा ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं घडवणं) शिकावं की आता उशीर झाला? उशीर अजिबात झालेला नाही. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर. चाकणजवळच्या एका कारखान्यात ७ वर्षं मशीनच्या टच पॅनेलचे स्क्रीन करत होतो आणि ३१व्या वर्षी इकडे आलो.

हे काम मला कळलं ते एका चिकटपट्टीमुळे. पार्ट धुण्याच्या मशीनचं पॅनेल मी केलं होतं. महिन्याभराने लाइनवर गेलो तर पॅनेलच्या कडेला पांढरी पट्टी, तिच्यावर मार्करने लिहिलेलं: ‘सेटिंग – ३ – मागे – २ – रीसेट’. नवंकोरं पॅनेल खराब केलं म्हणून मी चिडलो. ऑपरेटर मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, रात्रपाळीच्या पोरांना सापडत नाही हो." त्या दिवशी मी अख्खी पाळी तिथे उभा राहिलो. जॉब, म्हणजे आतला पार्ट, अडकला की मशीन थांबायचं. मामा दाताने हातमोजा ओढून काढायचे, बोट एप्रनला पुसायचे आणि एकेक स्क्रीन ओलांडत रीसेटपर्यंत पोचायचे. मोजा काढावा लागे, कारण बटणं इतकी बारीक की मोज्याच्या बोटाखाली शेजारचंही दबायचं. एका पाळीत हे ११ वेळा झालं. माझ्या प्रोग्रॅममध्ये एकही चूक नव्हती. रीसेट पहिल्या स्क्रीनवर आणलं, चांगलं मोठं केलं. पंधरा दिवसांनी पट्टी तिथे नव्हती.

तुमच्याकडेही ब्रेकडाउननंतर व्हाय-व्हाय करत असतील, म्हणजे ‘असं का झालं?’ हे पुन्हा पुन्हा विचारत मूळ कारण शोधणं. त्यात शेवटच्या रकान्यात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ लिहिलं की फॉर्म बंद होतो. यूएक्सचं काम नेमकं त्या रकान्यापासून सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. पायलट फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटायला जायचे आणि चाकं मिटायची. सगळे म्हणत, पायलटची चूक. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये पाहिलं तर दोन्हींचे खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. त्याने एकाला चाकाच्या आकाराची मूठ लावली, दुसऱ्याला पाचरीच्या आकाराची. हाताला न बघता फरक कळू लागला. विमानातल्या लँडिंग गिअरच्या दांड्याची मूठ आजही चाकासारखीच असते. मला हा इंजिनिअरिंगचाच भाग वाटतो, फक्त कॉलेजात तो कुणी शिकवला नाही.

चित्रकलेची भीती मनातून काढा. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक तयार झाला, २०१३ साली आला. ‘क’वर बोट टेकवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. त्यात सुंदर चित्र कुठे आहे? बाराखडी आपल्या डोक्यात जशी बसलीय तशी ती बोटाखाली आणलीय, एवढंच. पण ते सुचायला, मराठी माणूस अक्षर कसं जुळवतो हे बारकाईने बघावं लागतं.

रीतसर शिकायचं असेल तर सीड (CEED) ही डिझाइनची प्रवेश परीक्षा द्या. ती आयआयटी मुंबईच घेते, साधारण जानेवारीत असते, इंजिनिअरिंगची पदवी चालते आणि वयाची अट नाही. स्केचिंग असतं, पण विचार कागदावर कळण्याइतका हात पुरतो. रोज अर्धा तास सराव करा. पुढे एम.डेस.ची, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीची, २ वर्षं. मी तो रस्ता घेतला नाही, घरचा हप्ता चालू होता. नोकरी करत पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवण्याजोग्या कामांचा संच, केला.

पोर्टफोलिओबद्दल एक कळकळीने सांगतो. जेवण मागवायच्या ॲपचा नवा स्क्रीन करू नका. असे शेकड्याने येतात आणि त्यांत तुम्ही कुठेच दिसत नाही. तुमच्या शॉपफ्लोअरवरचा ब्रेकडाउन रजिस्टरचा तक्ता घ्या, शिफ्ट बदलतानाची नोंद घ्या. कोण भरतं, कुठे उभं राहून भरतं, कुठला रकाना नेहमी कोरा राहतो ते बघा. बदललेला नमुना कागदावर काढा, पाच जणांच्या हातात द्या आणि काय झालं ते प्रामाणिकपणे लिहा, फसलं असेल तर तेही. कंपनीचं नाव आणि आकडे बाहेर जाऊ देऊ नका. फिग्मा हे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं, त्याचं टेन्शन नको.

सगळ्यांत जड काय गेलं सांगू? गप्प बसणं. आपला नमुना वापरून बघणारा समोरचा माणूस चुकीच्या जागी बटण शोधत असतो, आणि आपल्यातला इंजिनिअर "अहो, वरती उजवीकडे" म्हणायला उतावीळ झालेला असतो. ते वाक्य गिळायला मला वर्षभर लागलं. ज्या क्षणी आपण बोलतो, त्या क्षणी त्याला कुठे अडलं हे कळायची संधी जाते.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला माझा पगार कमी झाला, आणि पुन्हा आधीच्या आकड्याला यायला दोन वर्षं गेली. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत आणि एक तरी प्रकल्प पूर्ण होईपर्यंत राजीनामा देऊ नका. शिवाय तोवर तुम्ही रोज आठ तास शॉपफ्लोअरवर असाल. बाहेरच्या डिझाइनरला तिथे उभं राहायला गेट पास काढावा लागतो.