इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स मारामारीच्या खटल्यात कोर्टात निर्दोष सुटला, तरी लोक त्याला अजून 'नाइटक्लबबाहेर राडा करणारा' का म्हणतात? त्या रात्री खरं काय झालं होतं?

आधी तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर देतो, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. कोर्टाने स्टोक्सला सोडलं ते त्याने कुणाला हात लावला नाही म्हणून नाही. ठोसे मारल्याचं त्याने स्वतः मान्य केलं होतं. ते ठोसे बेकायदेशीर होते, की स्वतःला आणि दुसऱ्या कुणाला वाचवण्यासाठी मारलेले होते, एवढाच मुद्दा ज्युरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे होता. ते बेकायदेशीर होते हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. म्हणून 'त्याने काही केलंच नव्हतं' हेही चूक आणि 'पैशाच्या जोरावर सुटला' हेही चूक. पण चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲपपर्यंत ऐकू येतात ती हीच दोन मतं.

मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करतो आणि मारामारीची प्रकरणं हा माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे या खटल्याच्या बातम्या मी तेव्हा खूप बारकाईने वाचल्या होत्या. त्यात पुणेकर म्हणून आणखी एक धागा होता. २०१७च्या आयपीएलमध्ये स्टोक्स आपला होता. रायझिंग पुणे सुपरजायंटने त्याला साडेचौदा कोटींना घेतलं होतं. १ मे २०१७ला गहुंज्यात गुजरात लायन्सविरुद्ध आपले ३ गडी १० धावांत गेले होते आणि तिथून त्याने ६३ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. त्या रात्री स्टेडियममधून बाहेर पडणारी माणसं त्याला देव मानत होती. सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मारामारीची बातमी आली आणि त्याच तोंडातून 'साडेचौदा कोटी मिळाले, माज आला' हे वाक्य निघायला एक दिवससुद्धा लागला नाही.

आता क्रम नीट बघा, कारण माझ्या मते सगळी मेख त्या क्रमात आहे.

२४ सप्टेंबर २०१७ला इंग्लंडने ब्रिस्टलमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध एकदिवसीय सामना खेळला. त्या रात्री स्टोक्स आणि संघातला सहकारी ॲलेक्स हेल्स बाहेर गेले. उशीर झाल्यामुळे एम्बार्गो नावाच्या क्लबने त्यांना पुन्हा आत घेतलं नाही. पहाटे अडीचच्या सुमारास जवळच्या रस्त्यावर मारामारी झाली आणि स्टोक्सला अटक झाली. दोनच दिवसांत त्याचं नाव ॲशेसच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेच्या संघात जाहीर झालं आणि लगोलग 'द सन' या ब्रिटिश वर्तमानपत्राने एका तिऱ्हाईताने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ छापला. लांबून काढलेला, अंधुक, हलता व्हिडिओ. त्यात स्टोक्स ठोसे मारताना दिसतो, समोरचे मागे सरकताना दिसतात, एक जण रस्त्यावर पडतो. ज्याने तो पाहिला त्याला गुंडगिरीशिवाय दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. इंग्लंडच्या बोर्डाने त्याला पुढची सूचना मिळेपर्यंत बाजूला केलं. ऑक्टोबरमध्ये न्यू बॅलन्स या क्रीडासाहित्याच्या कंपनीने त्याच्याशी असलेला करार संपवला. ॲशेस त्याच्याविना झाली आणि इंग्लंड ४-० हरलं. एवढं सगळं होईपर्यंत त्याच्यावर आरोपपत्र सोडा, आरोपच ठेवला गेला नव्हता.

मग ऑक्टोबरच्या शेवटी दुसरी बाजू आली, तीही 'द सन'मध्येच. दोन समलिंगी तरुणांनी सांगितलं की आम्हाला शिवीगाळ होत होती आणि स्टोक्स आमच्या मदतीला आला. झालं, वारं फिरलं. काल गुंड असलेला माणूस आज दुबळ्यांचा रक्षक झाला. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी त्याला शिव्या दिल्या होत्या त्यांनीच 'बघा, मीडियाने बदनाम केला' असे मेसेज पुढे पाठवले. मला त्या दोन तरुणांच्या बोलण्यावर शंका घ्यायची नाही. पण पहिलं मत एका व्हिडिओवर बनलं आणि दुसरं एका मुलाखतीवर, उलटतपासणी ना याची झाली ना त्याची.

खटल्यात तर ते दोघे साक्षीदार म्हणून आलेच नाहीत. सरकारी पक्षाने बोलावलं नाही, बचाव पक्षानेही नाही. हे फार कमी लोकांना माहीत असतं. त्यामुळे 'कोर्टाने सिद्ध केलं की तो त्यांना वाचवायला गेला होता' असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. स्टोक्सने आपल्या साक्षीत तसं सांगितलं आणि समोरच्याच्या हातात बाटली होती हेही पुढे आलं. उलट सरकारी पक्षाचं म्हणणं असं होतं की क्लबच्या दारावर त्याने त्याच दोघांची नक्कल करून टिंगल केली. ते त्याने नाकारलं. ज्युरी 'दोषी' किंवा 'दोषी नाही' एवढंच सांगते, कारणं देत नाही. तिला नेमकं काय पटलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

आरोप कोणता होता हेही बघायला हवं. १५ जानेवारी २०१८ला त्याच्यावर ॲफ्रेचा आरोप ठेवला गेला. म्हणजे सार्वजनिक ठिकाणी अशी बेकायदेशीर हिंसा, की तिथे हजर असलेल्या साध्या, धीराच्या माणसालाही स्वतःच्या जिवाची भीती वाटेल. तिकडे १९८६च्या पब्लिक ऑर्डर कायद्यात याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडे या नावाचा गुन्हा आयपीसीच्या कलम १६०मध्ये होता आणि शिक्षा होती एक महिन्यापर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४मध्ये दंड १,००० झाला आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा कुठे 'दंगलीचा गुन्हा' छापलं, कुठे 'प्राणघातक हल्ला'. एकाने डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडल्याचं छापलं आणि वाचणाऱ्याने धरून चालायचं की खटला त्या हाडाचा आहे. जखम खरी होती, हाड खरंच मोडलं होतं. पण दुखापत केल्याचा स्वतंत्र आरोप नव्हताच. खटल्याच्या पहिल्या दिवशी सरकारी वकिलांनी तो वाढवायचा प्रयत्न केला आणि न्यायाधीशांनी परवानगी दिली नाही. वकील म्हणून मला ही तपास यंत्रणेची ढिलाई वाटते. हातात इतके महिने असताना आरोप कोणता लावायचा हे पहिल्या दिवशी सुचावं?

१४ ऑगस्ट २०१८ला ज्युरीने साधारण अडीच तासांत निकाल दिला. स्टोक्स निर्दोष. ज्याच्या डोळ्याला लागलं होतं तोही आरोपी होता, तोही निर्दोष. समोरच्या गटातल्या तिसऱ्या आरोपीला न्यायाधीशांच्या निर्देशावरून आधीच सोडलं होतं. एका मारामारीत तीन आरोपी आणि तिघेही सुटले. हे एक वाक्य जरी ठळक छापलं गेलं असतं तरी 'श्रीमंत खेळाडू सुटला' ही चर्चा बरीच कमी झाली असती.

बोर्डाचं वागणं मात्र मला आजही पटत नाही. आरोप नव्हता तोवर खेळू दिलं नाही आणि आरोप ठेवल्यावर दोनच दिवसांत 'आता निवडीला हरकत नाही' असं जाहीर केलं. त्याच महिन्याच्या शेवटी आयपीएलच्या लिलावात राजस्थान रॉयल्सने साडेबारा कोटी मोजले, त्या लिलावातली सर्वात मोठी बोली. म्हणजे माणूस दोषी समजून बाहेर ठेवला गेला नव्हता आणि निर्दोष समजून आत घेतलाही गेला नव्हता. हेडलाइन गरम होती म्हणून बाहेर ठेवला आणि हेडलाइन निवली तसा आत घेतला. शिस्तीची खरी सुनावणी डिसेंबर २०१८मध्ये झाली. ३० हजार पौंड दंड आणि आठ सामन्यांची बंदी, जी त्याने आधीच भोगलेली होती.

क्लिप आणि पुरावा यांत किती फरक असतो ते माझ्या एका अशिलामुळे सांगतो. पुण्याजवळच्या तालुक्यातला कबड्डी खेळणारा मुलगा. मित्राच्या वाढदिवसाला हायवेवरच्या हॉटेलात गेला आणि तिथे भांडण झालं. दुसऱ्या दिवशी एका न्यूज पोर्टलवर काही सेकंदांची क्लिप आली. त्यात हा मुलगा प्लॅस्टिकची खुर्ची उचलून मारतो आहे आणि वर 'कबड्डीपटूचा हॉटेलात राडा'. गावात आईला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. दोन्हीकडून तक्रारी झाल्या, क्रॉस केस झाली. मी पहिल्याच दिवशी पोलिसांकडे लेखी अर्ज देऊन हॉटेलचा डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, जप्त करायला लावला, कारण या डीव्हीआरवर जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. पंचनामा झाला, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं कलम ६५ ब चं प्रमाणपत्र जोडलं, आणि फुटेज कोर्टात लागलं तेव्हा पार्किंगच्या कॅमेऱ्यात खुर्चीच्या आधीचा सगळा भाग होता. दोघांनी याच्या मित्राला गाडीवर आडवा पाडून गळा धरला होता. खुर्ची त्यानंतर उचलली गेली. आपल्या कायद्यातही दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठी प्रतिकार करायचा हक्क आहे, आधी कलम ९७ होतं, आता संहितेचं ३५.

मुलगा निर्दोष सुटला. पोर्टलला निकालाची प्रत पाठवली, पण बातमी आली नाही. आजही त्याचं नाव सर्च केलं की खुर्चीच दिसते. नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेताना त्याला निकालाची प्रमाणित प्रत सोबत न्यावी लागते. स्टोक्सकडे तेव्हा वकिलांची फौज होती, पुढे २०१९चा विश्वचषक आला. या पोराकडे असं काहीच नव्हतं. म्हणून मला या विषयाचा राग येतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माध्यमांचा दबाव नेहमी वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. १९ मे २०२४ला कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. तेव्हा पुणेकर आणि पत्रकार मागे लागले नसते तर प्रकरण कुठे गेलं असतं? रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली ती त्यानंतर. पण त्या वेळी चांगल्या पत्रकारांनी काय केलं ते आठवा. वेळा जुळवल्या, पबची बिलं शोधली, कागद मागितले. व्हायरल व्हिडिओ फिरवून ते झालं नाही. त्या प्रकरणानंतर आपल्या शहरात बातमीत 'पब' आला की अर्धा निकाल लागलेलाच असतो, आणि हे मला कोर्टात जामिनाच्या अर्जावर बोलतानाही जाणवतं.

तिकडे आरोप ठेवला गेला की वर्तमानपत्रं जपून लिहितात, कारण ज्युरीवर परिणाम झाला तर १९८१च्या कंटेम्प्ट ऑफ कोर्ट कायद्याखाली अंगाशी येतं. आपल्याकडे मुंबईतल्या नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने ८-१ने निर्दोष ठरवलेल्या माणसाला हायकोर्टाने दोषी धरलं, आणि त्यामागे वर्तमानपत्रांची मोहीम किती होती यावर आजही बोललं जातं. पुढे ज्युरी गेली, मोहिमा राहिल्या. सुशांतसिंह प्रकरणाच्या वार्तांकनावर मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१मध्ये सविस्तर निकाल देऊन माध्यमांना मर्यादा घालून दिल्या. तो निकाल पाळला जाताना मला दिसत नाही.

मग निर्दोष सुटूनही शिक्का का राहिला? कारण व्हिडिओ डोळ्यांनी पाहिलेला असतो आणि निकाल कुणीतरी सांगितलेला असतो. जुलै २०१९ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद ८४ आणि ऑगस्टमध्ये ॲशेसमध्ये हेडिंग्लीला नाबाद १३५ झाल्यावर लोकांनी त्याला माफ केलं, पण तेही धावा बघून. निकाल तेव्हाही कुणी वाचला नव्हता. त्यानंतर सप्टेंबरमध्ये 'द सन'ने त्याच्या जन्माआधीची घरातली एक अतिशय दुःखद घटना पहिल्या पानावर छापली, तिचा त्याच्या खेळाशी काडीचा संबंध नव्हता. २०२१मध्ये त्या पत्राला माफी मागून भरपाई द्यावी लागली.

राहिलं माझं मत. कायद्याने तो निर्दोष आहे आणि त्याला मारामारीचा दोषी म्हणणं चूक आहे. पण सामन्यानंतर पहाटे अडीचला क्लबच्या दारावर हुज्जत घालणं त्याला शोभलं नाही. समोरचा मागे सरकत असताना मारलेले शेवटचे ठोसे मला गरजेपेक्षा जास्त वाटतात. मी सरकारी वकील असतो तर त्याच काही सेकंदांवर उलटतपासणी केली असती, आणि त्यासाठी आरोप पहिल्याच दिवशी दुखापतीचा लावला असता.