माशांच्या कारखान्यात माल गोठवणाऱ्या अमोनिया प्लान्टच्या सुरक्षिततेची जबाबदारी नव्यानेच माझ्यावर आली आहे. सुरुवात कुठून करू?

फायली नंतर चाळा. आधी एका रात्रपाळीला मशीन रूममध्ये जाऊन बसा आणि ऑपरेटरला म्हणा, "ऑइल ड्रेन कसं करतोस ते दाखव बरं."

मी तळोजा आणि रत्नागिरीकडे कोळंबी-माकूल गोठवणाऱ्या कारखान्यांतले प्लान्ट सोळा वर्षं सांभाळले. जे दोन प्रसंग आजही डोळ्यांपुढे येतात, ते दोन्ही तेल काढतानाचे. कॉम्प्रेसरचं खनिज तेल अमोनियात विरघळत नाही, शिवाय द्रव अमोनियापेक्षा ते जड, त्यामुळे व्हेसलच्या, म्हणजे अमोनियाच्या टाकीच्या, तळाशी साचत जातं. ते थंडीने घट्ट झालेलं असतं. माणूस खाली बादली लावतो, व्हॉल्व थोडा उघडतो, तेल येत नाही. अजून थोडा उघडतो. मग अडकलेला गोळा एकदम सुटतो आणि तेलामागून गॅस येतो, तोही असा की व्हॉल्वपर्यंत परत हात नेता येत नाही.

यावर उपाय म्हणजे ड्रेनवर स्प्रिंगचा, दांडा सोडताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व, आणि त्याच्या आधी एक नेहमीचा स्टॉप व्हॉल्व. दोन्ही हवेत. एका कारखान्यात हा व्हॉल्व होता, पण दांडा तारेने बांधून ठेवलेला. का, तर धरून हात दुखतो! त्याहून बरं म्हणजे वेगळं ऑइल पॉट. तेल त्यात उतरवायचं, व्हेसलकडची वाट बंद करायची, पॉटमधला गॅस सक्शनला (कॉम्प्रेसरच्या ओढणाऱ्या बाजूला) ओढून घ्यायचा आणि मगच तेल काढायचं. काही झालं तरी हे काम एकट्याने करू द्यायचं नाही.

धोक्याची दुसरी वेळ वीज गेल्याची. प्लेट फ्रीझर (थंड प्लेटांमध्ये माल दाबून गोठवणारं यंत्र) उणे 40 अंशांवर चालत असतो तेव्हा त्या बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो, कारण अमोनिया साध्या दाबाला उणे 33 ला उकळतो. तिथली ग्लँड (व्हॉल्वच्या दांड्याभोवतीचं सील) गळत असेल तर गॅस बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. वास येत नाही म्हणून सगळे निर्धास्त. प्लान्ट थांबला की दाब चढतो आणि तीच ग्लँड बोलू लागते. म्हणून वीज गेल्यावर आणि पुन्हा चालू करण्याआधी गंधकाची बत्ती घेऊन एक फेरी मारायचीच. गळतीपाशी पांढरा धूर दिसतो.

चालू करतानाही घाई नको. अमेरिकेत अलाबामातल्या थिओडोर गावच्या शीतगृहात 23 ऑगस्ट 2010 ला हेच झालं. वीज जाऊन परत आल्यावर डीफ्रॉस्ट (गरम गॅसने कॉइलवरचा बर्फ वितळवणं) अर्धवट तोडून प्लान्ट पुन्हा सुरू केला, गरम गॅस थंड द्रवावर आदळला आणि छतावरचा पाइप फुटून साडेचौदा टनांच्या आसपास अमोनिया बाहेर पडला.

वासाबद्दल. 1948 च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांसाठी 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आणि पंधरा मिनिटांसाठी 35 ही मर्यादा होती. 300 ला जीव धोक्यात. नाक त्याच्या खूप आधी सांगतं, पण जुन्या ऑपरेटरांचं नाक निबर झालेलं असतं. "एवढा वास तर असतोच" असं कुणी म्हणालं की तिथूनच शोध सुरू करा. (शाळेत नवसागर नि चुना चोळून हुंगला असेल, तोच हा वास.)

हिरव्या पट्टीचा कॅनिस्टर मास्क बाहेर पडण्यापुरता. मोठ्या गळतीत आत जायला हवेचं सिलिंडर पाठीवर असलेला सेट लागतो, निदान दोन, आणि ते मशीन रूमच्या बाहेर. मी ते मशीन रूममधल्याच कपाटात, कुलपात पाहिलेत. पसरलेल्या गॅसवर पाण्याचा फवारा चालतो. जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी कधीच मारू नका, तो आणखी उसळतो. आणि अमोनिया हवेपेक्षा हलका हे पुस्तकात खरं असलं तरी द्रव फुटला की त्याचं थंड धुकं जमिनीसरशीच सरकतं.

आता माणसं. जुलै 2024 मध्ये तुतिकोरीनच्या मासे प्रक्रिया कारखान्यात गळती झाली, तेव्हा रुग्णालयात गेल्या त्या कामगार बायका. मशीन रूमपेक्षा कोळंबी सोलण्याच्या हॉलमध्ये माणसं कितीतरी जास्त असतात. तिथली मागची दारं माल चोरीला जाईल म्हणून बंद आहेत का, स्वतः ढकलून बघा. सूचना मराठी-इंग्रजीत आणि बायका ओडिशा-आसामच्या, असं असेल तर ड्रिल हिंदीत, हाताने दाखवून घ्या. आमच्याकडे गळती झाल्यावर जमायची जागा गेटपाशी होती. पावसाळ्यात वारा समुद्राकडून, म्हणजे मशीन रूमवरून थेट गेटवर! पहिल्याच ड्रिलमध्ये एका हेल्परने हे बोलून दाखवलं, आम्हा साहेबांना सुचलं नव्हतं. दोन विरुद्ध दिशांना दोन जागा ठेवा आणि सगळ्यांना दिसेल असा विंड सॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) लावा.

धोकादायक रसायनांच्या 1989 च्या नियमांत अमोनियाची मर्यादा 50-60 टनांच्या आसपास सुरू होते. तुमच्याकडे बहुधा त्याहून खूप कमी असेल, म्हणून कुणी "आपल्याला लागू नाही" म्हणेल. म्हणू द्या, तुम्ही काळजी सोडू नका.

अमोनिया डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटं पाणी. कपडा गोठून अंगाला चिकटला असेल तर ओढू नका, आधी पाणी ओता. भरपूर गॅस छातीत गेलेला माणूस तासाभरात "बरं वाटतंय" म्हणाला तरी घरी पाठवू नका. फुप्फुसात पाणी उशिरा भरतं, रात्रभर डॉक्टरांच्या नजरेखाली असू द्या.

तुमच्याकडे ऑइल पॉट आहे की थेट व्हेसलमधूनच तेल काढतात, तेवढं कळवा. पुढचं त्यावर अवलंबून आहे.