गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, मग मीठ का नाही?
मीठही थोडं जास्त विरघळतं, पण फरक इतका कमी की जाणवत नाही. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यात साधारण ३९. साखर मात्र २०० ग्रॅमवरून ४८०च्या आसपास जाते. ठरावीक तापमानाची ही कमाल मर्यादा म्हणजे विद्राव्यता. मर्यादेच्या आत द्रावण असंपृक्त, गाठली की संपृक्त. त्यामुळे विद्राव्यता सांगताना तापमान लिहायलाच हवं.

खरी गंमत अतिसंपृक्त द्रावणात आहे. गरम, दाट पाक न हलवता निवू दिला, तर मर्यादेपेक्षा जास्त साखर त्यात विरघळलेलीच राहते. मग साखरेचा एखादा कण टाका, त्याच्याभोवती हळूहळू स्फटिक धरू लागतात. दोऱ्यावरची खडीसाखर अशीच तयार होते.