भिंतीवर बिबट्या दिसला, पिंजरा लावायचा का?

प्रश्न : आमची सोसायटी बावधनला टेकडीला लागूनच आहे. मागच्या आठवड्यात पहाटे सीसीटीव्हीत बिबट्या कंपाउंडच्या भिंतीवरून चालत गेलेला दिसला. क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरली, तेव्हापासून मुलांना खाली सोडवत नाही. कमिटी म्हणते पिंजरा लावून त्याला लांब जंगलात सोडा, पण पाहणीला आलेले लोक म्हणाले इतक्यात गरज नाही. आम्ही काय करायचं?
– एक आई, बावधन

उत्तर : ताई, घरात लहान मुलं असली की जीव थाऱ्यावर राहत नाही, ते अगदी खरंय. पण पिंजऱ्याची घाई करू नका. जुन्नरकडे हेच करून झालंय, उसातले बिबटे धरायचे आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडायचे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिसलं की जिथे बिबटे नेऊन सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. पकडताना बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं तर ते करणार काय? आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येऊ शकतो, त्याला तुमच्या भागातल्या माणसांची, वाटांची काहीच सवय नसते. भिंतीवरून गपचूप निघून गेला त्याला जाऊ द्या, दिसल्याची खबर मात्र १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर दरवेळी द्या.

आता तो येतो कशाला ते बघा. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात खाल्लेल्या जनावरांत सगळ्यात जास्त वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. आपल्याकडे मागच्या गेटला उरलंसुरलं अन्न टाकतात, ओल्या कचऱ्याचे डबे उघडे, त्यावर भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. तेव्हा रात्री डबे झाकणबंद, कुत्र्यांना खायला घालायचं ते दिवसाउजेडी आणि सोसायटीपासून जरा बाजूला, पाळलेला कुत्रा घरात, भिंतीलगतची घाणेरीची झुडपं साफ. अंधार पडला की मुलांना एकटं सोडायचं नाही. वाकलेलं किंवा उकिडवं बसलेलं माणूस त्याला लहान दिसतं, म्हणून वॉचमनला सांगा कोपऱ्यात बसून राहू नको, टॉर्च घे, मोबाइलवर गाणी लाव.

समोर आलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, लेकराला उचलून घ्या, हात वर करून मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरा आणि त्याची निघायची वाट मोकळी ठेवा.

मला स्वतःला बिबट्यापेक्षा गर्दीची धास्ती जास्त वाटते. फेब्रुवारी २०१९ मध्ये केशवनगरला बिबट्या वस्तीत शिरला, माणसं जखमी झाली. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडला गवा आला, तो तर शिकारीसुद्धा नव्हे, माणसं त्याच्यामागे मोबाइल घेऊन धावत राहिली, पळून पळून थकलेलं ते जनावर शेवटी मेलं, मला आजही त्याचं फार वाईट वाटतं. बेशुद्ध करायच्या औषधाची सुई, म्हणजे डार्ट, मारल्याबरोबर प्राणी पडत नाही, औषध चढायला काही मिनिटं लागतात, त्या मिनिटांत चारी बाजूंनी आरडाओरडा झाला तर तो मिळेल त्याच्यावर झडप घालतो. म्हणून कमिटीने आत्ताच ठरवून टाका, बिबट्या आत अडकला तर सगळ्यांनी दारं लावून घरात बसायचं, लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही आणि गेटवर बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नाही.

प्रश्न : मोशीला आमच्या प्लॉटवर मातीत मोठे ठसे दिसले, शेजारी म्हणतात बिबट्याच. कसं ओळखायचं?
– एक वाचक, मोशी

उत्तर : दादा, आधी नखं बघा. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा सहसा नसतात, कुत्र्याच्या ठशात त्या दिसतात. मोठ्या बिबट्याचा ठसा साधारण सात-आठ सेंटीमीटर रुंद, गोलसर असतो. नखं उमटलीत, ठसा मोठाय आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा वाटतोय, तर ते तरसही असेल. पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर तरस आहेत, पाठ मागे उतरती, अंगावर पट्टे, आणि अंधारात लोक त्यालाच बिबट्या म्हणून मोकळे होतात. तरस बहुतेक मेलेल्या जनावरांवर जगतं, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, उगाच दगड मारू नका. ठशाशेजारी पेन किंवा पट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढा आणि वनखात्याला पाठवा, बघणाऱ्याला साइझ लगेच कळते.