फॅलॉइडिनने अ‍ॅक्टिन रंगवण्याआधी सीरम बघ
उंदराच्या अंड्याभोवतीच्या क्युम्युलस पेशींवर काम सुरू करतोयस, तर ऐक. एफएसएच (अंडाशयातल्या पुटिका वाढवणारं संप्रेरक) दिल्यावर या पेशी गोलसर होतात, अ‍ॅक्टिन या पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनाचे तंतू नव्याने मांडले जातात आणि अंड्यापर्यंत पोचलेले त्यांचे बारीक हात हळूहळू मागे येतात. हायल्युरोनन (लांब साखळीची चिकट शर्करा) साचून अंडं आणि पेशींचा गुच्छ फुलतो. पण पेशी ठेवायच्या माध्यमात सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) नसेल, तर तयार झालेलं हायल्युरोनन पेशींभोवती टिकतच नाही, माध्यमात निघून जातं. मी महिनाभर त्याचा दोष सायटोकॅलॅसिनला (अ‍ॅक्टिनचे तंतू बनू न देणाऱ्या रसायनाला) देत बसलो होतो! सायटोकॅलॅसिन ज्यात विरघळवतात त्या नुसत्या डीएमएसओचा कंट्रोलही ठेवच.

आणि रंगवायचं असेल तर मिथेनॉल नको. त्याने पेशी फिक्स केल्या, म्हणजे आहेत तशा स्थिर केल्या, की फॅलॉइडिन अ‍ॅक्टिनला धड चिकटत नाही. पॅराफॉर्मल्डिहाइड वापर.