मामाला दहा दिवस, तुला तीनच का?

लाडक्या चिऊ,

वहीचं पान फाडून तू माझ्या उशाशी ठेवलेला कागद वाचला. तू लिहिलं आहेस, "अण्णाआजोबा मामाचे बाबा होते आणि तुझेही बाबा होते. मग मामाला दहा दिवस सुतक आणि तुला तीनच का? आणि तुला तीनच होतं, तर चौथ्या दिवशी आपण परत मुरुडला का गेलो नाही?" तोंडी सांगायला बसले की अजून माझा गळा भरून येतो आणि अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र लिहिते आहे. दादालाही वाचायला दे.

आधी एक सांगते. मुरुडचा समुद्र अर्धवट सोडून यावं लागलं म्हणून तुला वाईट वाटलं, आणि अण्णा गेले म्हणूनही वाटलं. ही दोन्ही दुःखं एका वेळी मनात असू शकतात. सुट्टीची वाट तू इथे मेलबर्नमध्ये वर्षभर पाहत होतीस. सुवर्णदुर्गाला होडीतून जायचं ठरलं होतं, हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा माशांचा लिलाव बघायचा होता. अण्णांनीच हट्टानं पाठवलं होतं आपल्याला, "पोरांना कोकण दाखवून आणा, मी कुठे जातोय?" म्हणाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मामाचा फोन आला. माणगाव, ताम्हिणी घाट, पुणे करत नाशिकला पोचेपर्यंत रात्र झाली. एरवी आपल्याकडे माणूस गेलं की शक्यतो त्याच दिवशी नेतात, पण "लेक यायची आहे" म्हटलं की थांबतात, त्याला कुणी नाही म्हणत नाही. म्हणून अण्णांना काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तू विचारलंस ना, त्यांना थंडी वाजत असेल का? माझ्यासाठी ठेवलं होतं त्यांना तसं, बाळा.

आता दहा आणि तीनचा हिशोब. घरातलं माणूस गेलं की त्याच्या घराण्याला दहा दिवस सुतक. घराण्यात म्हणजे बापाच्या बाजूने, सात पिढ्यांपर्यंत. या दहा दिवसांत देवपूजा नाही, लग्नकार्याला जाणं नाही, गोडधोड नाही. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे मुलीचं लग्न झालं की तिचं गोत्र बदलतं आणि ती नवऱ्याच्या घराण्यात मोजली जाते. त्यामुळे आईवडील गेले तर तिला तीनच दिवस. आईचे वडील म्हणून तुला आणि दादालाही तीनच. धर्मसिंधु नावाचा ग्रंथ पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या शेवटी लिहिला, त्यात कुणाचं कुणाला किती दिवस याची लांबलचक मोजदाद आहे. पंचांगाच्या मागच्या पानांत सुतकाचं कोष्टक छापतात, तेही याच जुन्या ग्रंथांवरून.

गेल्या गणपतीत आपण मूर्ती बसवली नाही आणि तू मोदकांसाठी रुसली होतीस, ते आठवतं? बाबांचे एक चुलतकाका साताऱ्याला वारले होते. तू त्यांना कधी पाहिलं नव्हतंस, मीही आमच्या लग्नात एकदाच पाहिलेलं. त्यांचं मला दहा दिवस. आणि ज्यांनी मला सायकल शिकवली, परदेशी निघाले तेव्हा विमानतळावर माझी बॅग सोडायला जे तयार नव्हते, त्यांचं तीन दिवस. तुला हे विचित्र वाटलं. मलाही वाटतं. हा हिशोब घराण्याचा आहे, वारसा कुणाकडे जातो आणि पिंड कोण देतो याचा. माया किती याचा त्यात कुठे उल्लेखच नाही. ज्या काळात मुलगी एकदा सासरी गेली की माहेरी वर्षा-दोन वर्षांतून यायची, त्या काळी तो बसवला गेला. तिनं सासरी दहा दिवस स्वयंपाकाला, देवाला शिवायचं नाही म्हटलं तर सासरचं घर अडेल, असाही त्यात विचार असावा असं मला वाटतं. आज तो नियम मी मानत नाही. आजीसमोर आणि गुरुजींसमोर मी तसं स्पष्ट सांगितलं, आणि दोघांनीही मला अडवलं नाही.

तू पाहिलंस, मामानं पुढे मडकं धरलं होतं. तिरडी उचलताना तो मागे वळून म्हणाला, "ताई, खांदा दे." आत्या काहीतरी बोलायला गेली, तर आजी भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "देऊ दे. तिचेच बाबा आहेत." मग मी अमरधामला, म्हणजे स्मशानातही गेले. पूर्वी बायका तिथे जात नसत, अजूनही पुष्कळ घरांत जात नाहीत.

पण हे काही आजच सुरू झालेलं नाही. १८९० साली पुण्यात जोतीराव फुले वारले, तेव्हा टिटवं कुणी धरायचं यावरून घरात वाद झाला. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत, त्याचा हक्क भाऊबंदांना मान्य नव्हता. टिटवं म्हणजे प्रेतयात्रेच्या पुढे नेतात ते मडकं. सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी स्वतःच ते हातात घेतलं आणि अग्नीही त्यांनीच दिला. मराठी शाळेत तुम्हाला सावित्रीबाईंचा धडा आहे, त्यात मुलींची शाळा आहे, शेणाचे गोळे आहेत. ही गोष्टही त्यात हवी असं मला फार वाटतं.

आणि आपल्या घरी झालं तेच सगळ्या मराठी घरांत होतं असंही समजू नकोस. नाशिकच्याच खेड्यापाड्यांत दशक्रियेला महाराजांचं प्रवचन असतं, गावच्या गाव नदीवर जमतं. लिंगायत घरांत दहन करत नाहीत, पुरतात. दादाच्या मित्राकडे, ते बौद्ध आहेत, त्यांच्याकडे जलदान विधी झाला होता. तिथे पिंडही नव्हते आणि कावळाही नव्हता. नियम घराघराचे आहेत. चार माणसांनी येऊन बसायचं, हे मात्र मी सगळीकडे पाहिलं आहे.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे. मला तीनच होते तर चौथ्या दिवशी का निघालो नाही? बाबांनीही एकदा हळूच विचारलं होतं, मुलांना घेऊन मी जाऊन येऊ का म्हणून. मुरुडच्या खोल्यांचे पैसे भरलेले होते, ते परत मिळणार नव्हते. मीच नको म्हटलं.

ज्या घरातलं माणूस जातं त्या घराला दहा दिवस काहीच करायचं नसतं, आणि बाहेरच्यांनी सगळं करायचं असतं. त्या पहिल्या दिवशी चूल पेटवत नाहीत. आठवतं, आपण अमरधामहून आलो, दारातच कडुनिंबाचं पान चावायला दिलं, आणि आत शेजारच्या काकूंनी पिठलं-भाताची पातेली आणून ठेवली होती? त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामीच्या माहेरून डबा आला. मग समोरच्या बिल्डिंगमधून मुगाची खिचडी. पुढे घरात स्वयंपाक झाला तोही बिनफोडणीचा. तू आमटी बेचव लागते म्हणालीस तेव्हा मावशी तुझ्यावर ओरडली, ते तिनं करायला नको होतं. आमटी बेचवच होती. जिभेला चव लागू नये म्हणूनच ती तशी करतात.

आणि लोक येत राहतात. या घरी यायला बोलावणं लागत नाही. चहा द्यायचा नाही, या-बसा करायचं नाही, जाताना निरोप घ्यायचा नाही. एका दुपारी पांढऱ्या शर्टातले एक आजोबा आले होते, तू दारामागून बघत होतीस. ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात अण्णांबरोबर होते. बराच वेळ नुसते बसून राहिले, खाली मान घालून. मग म्हणाले, "रात्रपाळीला आम्ही नवी पोरं उपाशी असायचो. वहिनी दोन डबे द्यायच्या. दुसरा डबा कुणाचा म्हणून आम्ही विचारलं, तर अण्णा म्हणायचे, ज्याला भूक असेल त्याचा." आजीनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "मला सांगायचे, मला जास्त भूक लागते." इतकी वर्षं तिला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. चौथ्या दिवशी मुरुडला गेलो असतो तर हे मला कधीच कळलं नसतं, आणि आजीला ते ऐकताना हात धरायला मी तिथे नसते.

म्हणून दहा दिवस थांबायचं हे मला पटतं. तीन दिवसांचा नियम मी सोडला आणि दहाचा धरला. अण्णा असते तर "जा पोरांना घेऊन" म्हणाले असते, तू म्हणतेस ते अगदी खरं आहे. पण ते दिवस आजीचे होते.

तुला रोज सकाळी बघायला आवडायचा तो दिवा. अण्णांना जिथे ठेवलं होतं तिथे तो होता, वात दक्षिणेकडे, कारण दक्षिण ही यमाची दिशा मानतात. पहिल्या रात्री मामीनं दिव्याजवळ पीठ पसरून वर टोपली झाकली होती. सकाळी टोपली उचलून बघतात, पिठावर कसलं पाऊल उमटलं आहे, माणूस पुढे कोणत्या जन्माला गेलं ते कळतं म्हणतात. तुला पक्ष्याचा पाय दिसला, दादाला काहीच दिसलं नाही, आजीला गाईचं खूर दिसलं. मला विचारशील तर पिठावर टोपलीच्या काठाची रेघ होती. पण आजीला खूर दिसलं याचा मला आनंद झाला आणि मी "हो, तसंच आहे" म्हटलं.

रामकुंडावरचं तू कागदात विचारलं नाहीस, पण तिथून येताना गाडीत विचारलं होतंस, कावळा शिवला नाही म्हणजे अण्णा रागावले होते का? त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आता देते. दहा दिवसांच्या पिंडांनी गेलेल्या माणसाला नवं शरीर मिळतं अशी समजूत आहे. पहिल्या दिवशी डोकं, असं करत करत दहाव्या दिवशी भूक आणि तहान. भूक लागली की तो कावळ्याच्या रूपानं येऊन पिंडाला शिवतो. शिवला नाही तर काही इच्छा राहिली असं मानतात, म्हणून घरचे एकेक जण हात जोडून सांगतात. मामा म्हणाला, आईला एकटं ठेवणार नाही. मी म्हटलं, दरवर्षी येईन. तरी कावळे लांबच बसून राहिले, ऊन चढायला लागलं. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तशी सोय आधीपासूनच आहे, कारण असं नेहमीच होतं. रामकुंडावर, जिथे रामानं दशरथाचं श्राद्ध केलं असं मानतात, तिथे लांबलांबून माणसं दशक्रियेला येतात. सकाळपासून ओळीनं पिंड मांडलेले असतात, आपण पोचलो तोवर त्या कावळ्यांची पोटं भरलेली होती. अण्णा तुझ्यावर कधी रागावले नाहीत. त्या दिवशीही नव्हते.

तेराव्याला सगळे गोड जेवले, लाडू वाढले, मामाला आहेराची टोपी घातली, कपाळाला गंध लावलं आणि माणसं हसायला-बोलायला लागली, त्याचा तुला राग आला होता. तू उठून गच्चीवर गेलीस. मी लहानपणी माझ्या आजीच्या तेराव्याला असंच केलं होतं. त्यावर तेव्हा मला कुणी काही सांगितलं नाही आणि आताही मला नीट सांगता येत नाही. गंध लावणारे हात थरथरत होते एवढं मी जवळून पाहिलं.

यंदाची दिवाळी आपल्याकडे साधी असेल. वर्षाच्या आतली पहिली दिवाळी, म्हणून घरी फराळ करायचा नाही, तो बाहेरच्यांनी आणून द्यायचा. इथल्या मराठी मंडळातल्या मावश्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे, त्यामुळे चकलीची काळजी करू नकोस. वर्षश्राद्ध तिथीनं येईल, पौष वद्य पंचमीला, इंग्रजी तारीख पंचांगात बघून सांगते. तेव्हा तुमची सुट्टी असेल. मामा म्हणतोय की त्या दिवशी तुम्हा दोघांनाही पाणी द्यायला बसवायचं, दादाला आणि तुला. तुला बसायचं असेल तर बस, नसेल तर आजीजवळ बस. श्राद्ध झालं की मुरुडला जाऊ. मी आजीला विचारलं, ती येते म्हणाली.

रविवारी तिचा फोन येईल तेव्हा डब्याची गोष्ट तिलाच विचार. तिला ती पुन्हा पुन्हा सांगायची असते.

तुझी,
आई